परतीचं तिकीट आधी काढा

श्रोतेहो, नमस्कार. मला विषय दिलाय 'निवृत्ती, प्रवास आणि नातवंडं'. विषय तीन आणि वेळ एकाचीच. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच दूध उतू गेलं किंवा दाराची बेल वाजली तरी तुमचं काही हुकायला नको. नातवंडाला भेटायला जरूर जा, हौसेनं जा. फक्त परतीचं तिकीट आधी काढा. पुन्हा सांगतो, परतीचं तिकीट आधी काढा.

आता हे सांगणारा मी कोण? एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. प्रवास माझ्या पाचवीलाच पुजलेला, पण दुसऱ्यांचा. फलाटावरच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या सोडायच्या आणि स्वतः तिथंच राहायचं. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, हे मी नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की ती चहाला उठायची. निवृत्त झालो तेव्हा सगळे विचारायला लागले, चारधाम की केरळ? आम्ही एका सहलीला जाऊनही आलो. सकाळी साडेसहाला चहा, सातला बसमध्ये, धबधब्यापाशी वीस मिनिटं. नोकरीत वेळापत्रक मी लोकांना लावत होतो, तिथं मलाच लावलं. जाऊ द्या.

आमची लेक अमरावतीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिची नोकरी तिथं, डॉक्टरीणबाई तिथल्या, आणि सातव्या-आठव्या महिन्यात कऱ्हाडपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नव्हता. तेव्हा माहेरच तिच्याकडं न्यायचं ठरलं. कऱ्हाडहून थेट गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरला निघते ती पार गोंदियाला जाते, 1300 किलोमीटरच्या वर, आणि एवढं अंतर आपल्याच राज्यात. संध्याकाळी चढायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी बडनेऱ्याला उतरायचं. एक अडचण अशी, की आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख बाळाला बांधील नसते, तिकिटाची तारीख आपल्याला असते. दोन्हींचा मेळ घालून आम्ही दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी निघालो. आणि हो, आता ऐकताहेत ते ऐकोत, ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 ला थांबली ती अजून आलेली नाही. पुरुषांना 40 टक्के होती, बायकांना 50. आपली एसटी पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट नेते, पासष्टीपुढच्यांना अर्ध्या तिकिटात, आणि रेल्वेला एवढं जमू नये? असो. विषयाकडं येतो.

सामान बघा. हळिवाचे लाडू एका डब्यात, डिंकाचे दुसऱ्या. बाळंतविडा: झबली, टोपडी, जुन्या मऊ धोतराची दुपटी. बाळंतशेपा, ओवा, सहाण. आणि टॉवेलात गुंडाळलेला आमच्या घरचा वरवंटा. म्हटलं, अगं, दगड कशाला? ही म्हणाली, "बारशाला काय मिक्सरचं भांडं फिरवणार पाळण्याखालून?" यावर उत्तर नव्हतं. वरवंटा बर्थखाली गेला.

पुणं गेलं, दौंड गेलं, दिवे मालवले. तेवढ्यात रेल्वे पोलीस बॅटरी घेऊन डब्यात तपासणीला आले. पोरगेलासा शिपाई, वाकून बर्थखाली बघतो, पिशवी दाबतो, पुन्हा दाबतो.

"काका, ही पिशवी तुमची?"

"माझी."

"आत काय आहे? फार जड लागतंय."

"वरवंटा."

त्यानं बॅटरी थेट माझ्या तोंडावर मारली. त्या उजेडात मी कसा दिसलो असेन तो देव जाणे. टॉवेल सोडायला लावला. काळा कुळकुळीत वरवंटा, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. शिपाई गप्प. मागचे हवालदार पुढं आले, वयानं मोठे, त्यांनी हात लावून पाहिला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग पाटा कुठाय?"

वरच्या बर्थवरून हिचा आवाज आला, "पाटा कुणी रेल्वेनं नेतं का हो? बारशाला वरवंटाच लागतो."

डबा जागा झाला. समोरच्या बाई जळगावच्या, त्या उठून बसल्या. कोपऱ्यात साताऱ्याचे एक गुरुजी होते, तेही उठले. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवायचा की वही, टाक की बॉलपेन, बारसं बाराव्याला की तेराव्याला, मुलीचं वेगळं का, यावर रात्री बारा-साडेबारापर्यंत बैठक चालली. हवालदारांनी जाताना विचारलं, किती दिवस बाकी? म्हटलं, आहेत दहा दिवस.

पहाटे मनमाडला फोन वाजला. जावई. "बाबा, झालं! दोघंही छान आहेत. मुल..." आणि गाडी सुटली, फोन तुटला. श्रोतेहो, मुलगा म्हटलं तरी आधी मुलच, आणि मुलगी म्हटलं तरी मुलच. रेंज नाही. मी दारापाशी जाऊन हात बाहेर काढतोय, ही ओरडतेय की आत या. जळगावच्या बाई म्हणतात मुलगी, गुरुजी म्हणतात मुलगा, मधल्या बर्थवरचा एक कॉलेजचा पोरगा दोघांच्या पैजा लावून घेतोय. नांदगावला गाडी जरा हळू झाली तेव्हा रेंज आली. मुलगी! जळगावच्या बाईंनी गुरुजींकडून चहा वसूल केला. आणि हिनं काय करावं? बाळंतिणीसाठी बांधलेला हळिवाच्या लाडवांचा डबा उघडला आणि वाटत सुटली. चहावाल्याला दिला, चादरी गोळा करायला आलेल्या पोराला दिला. तो पैजेचा पोरगा म्हणतो, "काकू, हे फक्त बायकांनी खायचे असतात ना?" आणि म्हणता म्हणता दुसरा उचलला.

इथं एक सांगतो. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी, हा प्रकार आता बंद करा. मला जिलबी आवडते, माझा राग जिलबीवर नाही. पण मिठाई बघून लोकांना कळतं काय झालं, आणि काहींचे चेहरे लगेच बदलतात. तो चेहरा आपण का बघायचा? लाडू वाटा.

शेगावला अर्धा डबा दर्शनाला उतरला, तेही लाडू खाऊनच. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सामान हलकं झालं होतं. वरवंटा तेवढा होता.

दवाखान्यात पोचलो. विहीणबाई आधीच आल्या होत्या, त्यांच्या गावाहून. बाळ पाहिलं. मूठ घट्ट मिटलेली, नखं एवढीशी, तरी गालावर ओरखडा काढून मोकळी झालेली. बाळाचं कौतुक मी इथं करत बसत नाही, प्रत्येक आजोबाचं तेच असतं आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. खरी गंमत घरी गेल्यावर. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. हिनं पदर बाजूला केला, तर वरवंटा! विहीणबाई म्हणाल्या, "मले वाटलं, एवढ्या दुरून तुमाले वझं कायले! म्हून मीच घेऊन आली."

दोन घरचे दोन वरवंटे. कुणाचा फिरवायचा? कुणी बोलेना. दोन दिवस भाजीला मीठ किती, बाळाला दुपटं किती घट्ट, सगळ्यात तो वरवंटा उभा. शेवटी बारशाला लेकीच्या नणंदेनं तोडगा काढला. आत्याच ती, नाव ठेवायचा मान तिचा. दोन्ही वरवंट्यांना टोपडी घातली आणि एक पाळण्याखालून, एक वरून. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या! एक गोविंद झाला, एक गोपाळ झाला. घुगऱ्या खाताना दोघी विहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

त्यांची खरी दिलजमाई मात्र डॉक्टरीणबाईंनी केली. बाई म्हणाल्या, सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, वरचं पाणीसुद्धा नाही, डोळ्यात काजळ नाही. इकडं दोघींनीही सहाण आणलेली, दोघींकडं मायफळ, वेखंड, मुरडशेंग. त्या दिवशी दोघींची युती झाली. "आमची पोरं काय जगली नाहीत?" लेकीनं शांतपणे दोन्ही सहाणा कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. माझं मत विचाराल तर डॉक्टरांचंच ऐका. आपण जगलो, ते गुटीनं की गुटी घेऊनसुद्धा, हे कुणी तपासलेलं नाही.

आजोबाचं काम काय? बाहेरचं. भाजी, औषधं, जन्मदाखला. नोंद 21 दिवसांत झाली तर फुकट, दवाखान्यात झालेल्या जन्माची माहिती दवाखानाच कळवतो, आणि नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार, तेव्हा आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग नीट तपासा. हे चष्मा लावून करायचं काम आहे, ते आपलंच.

आणि आता तो मुद्दा. आजी सव्वा महिना राहते, तिला तिथं काम असतं. आजोबा मात्र दोन खोल्यांच्या घरात बाळंतिणीच्या आणि टीव्हीच्या मधे बसलेला असतो. शेक-शेगडी चालू झाली की तो गॅलरीत, बाळ झोपलं की त्याचं खोकणंसुद्धा जड. बारशानंतर तिसऱ्या दिवशी मी निघालो. लेक म्हणाली, "बाबा, राहा की." ते तिनं मनापासून म्हटलं, कारण तिकीट काढलेलं तिला ठाऊक होतं. तिकीट नसतं तर राहा म्हणायचं की नको, याचा विचार तिला करावा लागला असता. म्हणून म्हणतो, परतीचं तिकीट आधी काढा. आजोबांनी विशेषकरून. सकाळी आठला आरक्षण उघडतं, 60 दिवसांच्या हिशेबात परतीची तारीखही बसते.

हो, आणि फॉर्ममध्ये वय खरं भरा. साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळीसपुढच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. वरवंटा ठेवायला तोच बरा पडतो. नमस्कार.