माउसला बटणं किती?

तुमच्या माउसला बटणं किती आहेत, जरा मोजा. डावं, उजवं, मधलं चाक, फार तर बाजूला अजून दोन, म्हणजे झाली पाच. जानेवारी २०२४ मध्ये लिनक्सवर स्क्रीन आणि माउस सांभाळणाऱ्या एक्स.ऑर्ग सर्व्हरमधला एक बग जाहीर झाला, आणि तो नेमका याच मोजणीतला होता.

एक्समध्ये, म्हणजे हा सर्व्हर ज्या यंत्रणेचा आहे तिच्यात, बटणाचा नंबर बदलता येतो. डावखुऱ्या माणसाला डावं-उजवं उलटं करून हवं असतं, त्याच्यासाठी ही सोय, चांगलीच आहे, पण नंबर २५५ पर्यंत कुठलाही देता येतो. कुठलं बटण दाबलंय हे लिहून ठेवायला सर्व्हर प्रत्येक नंबरसाठी एक बिट वापरतो, आणि जागा घेताना त्याने माउसला बटणं किती एवढंच बघितलं, नंबर केवढा दिलाय ते बघितलंच नाही. पाच बटणांना एक बाइटसुद्धा, म्हणजे आठ बिट, पुरून उरतो. आता त्यातल्याच एका बटणाला कोणी २०० नंबर दिला तर त्याचा बिट जाऊन पडतो पंचवीस बाइट पुढे, म्हणजे जी जागा सर्व्हरने मागितलीच नव्हती तिथे, दुसऱ्याच कशाच्या तरी डेटावर. यालाच हीप ओव्हरफ्लो म्हणतात. नीट जुळवून आणलं तर अशा एका चुकीतून दुसऱ्याचा कोड त्या सर्व्हरच्या आत चालायला लागू शकतो.

आता हा सर्व्हर म्हणजे काय, तर तुमच्या स्क्रीनवर जे दिसतं ते काढणारा, आणि कीबोर्ड-माउसवर जे होतं ते प्रोग्रामपर्यंत पोचवणारा. ब्राउझर, टर्मिनल, गेम, सगळे त्याच्याकडे मागण्या पाठवतात, इथे चौकोन काढ, हा फॉन्ट लाव, पुढे एवढे बाइट येतायत. सगळी गोची त्या 'एवढे' मध्ये आहे. समोरच्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की आधी तपासायचा? एक्सचं काम सुरू झालं १९८४ ला एमआयटीत, प्रोजेक्ट अथीनामध्ये, आणि आज आपण वापरतो ते एक्स११ आलं सप्टेंबर १९८७ ला. सी भाषेतला कोड, आणि सी मध्ये हद्द ओलांडली तर भाषा स्वतःहून अडवत नाही, तपासणी प्रत्येक ठिकाणी माणसानेच लिहायची. एक जागा राहिली की राहिली.

आणि ती किती वर्षं राहू शकते याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जातच नाही. १९९१ मध्ये एक्स११ च्या पाचव्या रिलीजमध्ये बीडीएफ नावाचे फॉन्ट वाचणारा कोड आला. या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची सुरुवात त्याच्या नावाने होते, आणि ते नाव ठेवायला स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीत, जागा होती १०० बाइटची. वाचणाऱ्या ओळीत मात्र कुठे थांबायचं ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे फॉन्टमध्ये पाचशे अक्षरांचं नाव टाका, ते सरळ आत शिरणार. आणि हा सर्व्हर तेव्हा बऱ्याच मशीनवर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालायचा, कारण ग्राफिक्स कार्डला थेट हात लावायचा असायचा, त्यामुळे साधा युजर स्वतःचा फॉन्ट देऊन अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकत होता. हे सापडलं कधी, तर बावीस वर्षांनी! सीपीपीचेक नावाचं, कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारं एक टूल आहे, त्याने वॉर्निंग दिली, जानेवारी २०१४ मध्ये दुरुस्ती आली. आणि दुरुस्ती काय, तर त्या ओळीत ९९ हा आकडा घातला. दोन अंक.

त्याच्या आधीच्या महिन्यात हॅम्बर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये इल्या फान स्प्रुंडेल या संशोधकाने स्टेजवरून सांगितलं होतं की दोन-तीन महिन्यांत एक्स सर्व्हरमध्ये मला १२० बग सापडलेत आणि माझं अजून संपलेलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मग दुरुस्त्यांची मोठी खेप आली, आणि त्यातले काही बग तर थेट १९८७ च्या पहिल्या रिलीजपासूनचे होते. मी स्वतः रोज लिनक्सवर काम करतो, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला होता.

बगचा दुसरा प्रकार आहे यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरणं. घर विकून माणूस गेला, पण पोस्टमनला कोणी सांगितलंच नाही, तो जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकतोय आणि आत आता भलताच कोणी राहतो, असं काहीतरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकदम आठ बग जाहीर झाले, त्यातला एक स्क्रीनच्या मूळ कर्सरचा होता. हा कर्सर सर्व्हर एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून बसतो, आणि एखाद्या प्रोग्रामला तो फ्री करायला लावता येत होता. मेमरी गेली, सर्व्हर मात्र त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिला.

आपल्या कर्सरचा बाण इतका साधा वाटतो ना, पण त्याच्यामागे ही एवढी हिशोबाची वही आहे, आणि ती वही आज सांभाळणारी माणसं अगदी मोजकी आहेत. या दुरुस्त्यांमध्ये पीटर हटरर, ओलिव्हिए फूर्दां, अ‍ॅलन कूपरस्मिथ ही नावं परत परत दिसतात. चाळीस वर्षांचा कोड, ज्याने मूळ ओळ लिहिली तो कधीच दुसरीकडे गेलेला, तरी ही माणसं बसून वाचतात, पॅच लिहितात, आणि बग कुठल्या साली शिरला तेसुद्धा बऱ्याचदा शोधून जाहीर करतात. मला याचं फार मोठं अप्रूप आहे.

मग म्हणाल, आता एक्सच्या जागी नवीन वेलँड आलंय ना. आलंय, आणि त्यात एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कीबोर्डवर कान ठेवता येत नाही, ही मोठी सुधारणा आहे. पण वेलँडचे बरेच कंपोझिटर, म्हणजे तिथे स्क्रीन काढायचं काम करणारे प्रोग्राम, अजून सी किंवा सी++ मध्येच आहेत. रस्ट या भाषेत स्मिथे नावाची लायब्ररी आहे, कॉस्मिक डेस्कटॉपचा कंपोझिटर तिच्यावरच उभा आहे, आणि तिथे हद्दीबाहेर लिहिणं किंवा सोडलेली मेमरी वापरणं एरवी भाषाच होऊ देत नाही. मला ही दिशा बरोबर वाटते.

तरी जुने प्रोग्राम चालवायला वेलँडमध्ये एक्सवेलँड असतं, आणि ते त्याच एक्स सर्व्हरच्या कोडमधून बनतं. ते सहसा रूट म्हणून चालत नाही, तुमच्याच नावाने चालतं, त्यामुळे नुकसान कमी, पण तुमच्या फाइली तर तुमच्याच नावाने असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अजून तीन बग जाहीर झाले, तेव्हाही एक्स.ऑर्ग आणि एक्सवेलँड दोघांना पॅच लागले. व्हिडिओ थांबवून टर्मिनल उघडा, चालू प्रोसेसची यादी काढा, आणि त्यात यातलं एक जरी नाव दिसलं तर राहिलेलं अपडेट आत्ताच मारून घ्या.