ग्राफिक्स कार्ड उद्याही येईल, आधी बोर्ड आणि एसएमपीएस बघा!

नमस्कार मंडळी! इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका प्रेक्षकानं कोटेशन पाठवलंय. आत्ता जमेल तेवढा गेमिंग पीसी घ्यायचा आणि पुढे पैसे साठतील तसा वाढवायचा, असा त्याचा बेत आहे. स्क्रीनवर बघा. ग्राफिक्स कार्ड मॉडेल नंबरसकट लिहिलंय. प्रोसेसरही. आणि खाली? ‘एसएमपीएस ६०० वॉट’, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कुठल्या कंपनीचा, पत्ता नाही. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, त्याच्यापुढे नुसतं ‘एच६१०’, कंपनी नाही. म्हणजे ज्या वस्तू सगळ्यात जास्त वर्षं टिकायला हव्यात, नेमक्या त्याच मोघम!

आधी बोर्ड. एच६१० वर इंटेलचे १२ ते १४ पिढीचे प्रोसेसर बसतात. पुढच्या पिढीला इंटेलनं २०२४ मध्ये सॉकेटच, म्हणजे प्रोसेसर बसायची खाचच, बदललं, त्यामुळे इथून वर जायला वाट उरलेली नाही. शिवाय या बोर्डांवर रॅमचे दोनच स्लॉट. उद्या सेकंडहँड आय७ मिळाला तरी स्वस्तातल्या बोर्डाचा वीजपुरवठा त्याला पुरणार नाही, तो दमून वेग कमी करेल.

आता दुसरी कंपनी एएमडी, तिचं बघा. तिच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर आले आणि २०२२ चा ५८०० एक्स३डी सुद्धा त्याच सॉकेटवर बसला. जुन्या बी३५० बोर्डांनाही बायोसचे, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचे, अपडेट मिळाले. अर्थात, सगळ्या कंपन्यांनी ते वेळेवर दिले असं नाही. आता तोच मान एएम५ ला आहे. २०२२ मध्ये आलं, फक्त डीडीआर५ रॅम घेतं. माझं मत विचाराल तर साधा रायझन ५ आणि एएम५ चा बरा बी६५० बोर्ड. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना, तेवढं बघून घ्या. पुढे नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर सुरूच झाला नाही, तर पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करून सुटका होते.

एसएमपीएसमध्ये हात आखडू नका. चांगल्या कंपनीचा ७५० वॉट, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), शक्यतो एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक). एनव्हिडिया कंपनी आपल्या आरटीएक्स ५०७० कार्डाला ६५० वॉट सुचवते, ५०७० टीआयला ७५०. म्हणजे पुढची दोन कार्डं बदलली तरी हा तोच राहील. हजार वॉट मात्र उगाच.

रॅमचे भाव सध्या भडकलेत, म्हणून थोडं वेगळं सांगतो. ८-८ जीबीच्या दोन स्टिक घेऊ नका. १६ ची एकच घ्या, दुसरी नंतर, त्याच मॉडेलची. तोवर काही गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, थोडे कमी मिळतील, चालवून घ्या. ‘चारही स्लॉट भरू’ हा बेतही नको, डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या की वेग बहुतेक खाली आणावा लागतो.

कार्ड? आत्ता मधलं घ्या. पण ५०६० टीआय घेणार असाल तर १६ जीबीवालंच. रॅम वाढवता येते, कार्डाची मेमरी नाही. एसएसडी, म्हणजे साठवणुकीची वेगवान डिस्क, चौथ्या पिढीची पुरे, पाचवीच्या नादी लागू नका.

आणि कॅबिनेट. पुढे काच असलेलं दिसतं झकास, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि खोलीत एसी नसेल तर कार्ड तापून हैराण. पुढे जाळी हवी, धुळीची गाळणी निघणारी हवी. लांबी आत्ताच्या कार्डाची नको, उद्याच्या कार्डाची मोजा.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलला, कॉम्प्युटरच्या दुकानांत, गेलात तर कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीला कंपनी आणि मॉडेल लिहून मागा, बिलावर सीरियल नंबरही. खोकी जपा, जुनं कार्ड विकताना भाव बरा येतो. आणि एसएमपीएस कधी बदललात तर जुन्याच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका. खाच तीच दिसते, आत पिनांची जुळणी वेगळी असते. एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जळतात.