गडगे सांभाळणारा डोंगर

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाचा मुलूख आहे. समुद्रातून उभा चढलेला डोंगर आणि त्याच्या कुशीत पाच लहान गावं. तिथल्या रंगीत घरांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. मला आज बोलायचंय ते त्या घरांच्या वर, डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या गडग्यांबद्दल.

चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला बांध. मोठे दगड दर्शनी बाजूला, मागे बारीक चिपा. पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं, माती जागच्या जागी राहते. शेकडो वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी हेच केलं आणि त्या अरुंद पट्ट्यांवर द्राक्षं पिकवली. पण गडग्याला सतत माणूस लागतो. एखादा दगड निखळला की लगेच बसवावा लागतो. दुर्लक्ष झालं, की गडग्याला पोट सुटतं आणि एखाद्या पावसात तो मातीसकट खाली येतो.

माणसं डोंगर सोडू लागली ती जवळच्या ला स्पेत्झियाच्या नौदल गोदीत नोकऱ्या मिळू लागल्यावर. १९९७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशात घेतला, पर्यटक लोटले. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढण्यापेक्षा खोली भाड्याने देणं सोपं. गावकऱ्यांना दोष कसा द्यायचा? मला तरी देववत नाही.

२५ ऑक्टोबर २०११ ला तिथे भयंकर पाऊस झाला. चिखल-दगडांचा लोंढा त्या पाचांपैकी वेर्नात्सा आणि माँतेरोस्सो या गावांच्या गल्ल्यांत घुसला, माणसं गेली. पाऊस असाधारण होताच. पण ओस पडलेल्या पट्ट्या अशा पावसात लवकर सुटतात, हेही तितकंच खरं.

म्हणून कळकळीने सांगते, अशा ठिकाणी गेलात तर जे बघायला आलो ते कुणाच्या हातांनी उभं आहे, हे विचारा. मानारोलाहून वर वोलास्त्राला चढा. तिथून कोर्निल्याकडे जाणारी पायवाट थेट द्राक्षमळ्यांतून जाते. फोटोसाठी गडग्यावर पाय देऊ नका. वरचा सैल झालेला दगड परत बसवायला कुणीतरी तेवढा डोंगर चढून येणार असतं. विकत काही घ्यायचंच, तर पिकवणाऱ्याकडून घ्या. सप्टेंबरात गेलात, तर एकाच रुळावरून सरकणारी छोटी गाडी दिसेल, द्राक्षांच्या पेट्या घेऊन उभ्या उतारावर हळूहळू चाललेली. तिच्या मागोमाग चालत येणाऱ्या माणसाशी दोन शब्द जरूर बोला.