डीएनए नीट धुतला होता का?

[दृश्य : पहाटेचं मोनो सरोवर. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे पांढरे सुळके.]

हे मोनो सरोवर. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडे, सिएरा नेवाडा डोंगररांगांच्या पायथ्याशी. इथे पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. हजारो वर्षं पाणी उन्हानं उडून जातंय आणि त्यातले क्षार मागे साचत राहिलेत. पाणी समुद्रापेक्षा खारट आहे. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. आणि त्यात आर्सेनिक भरपूर विरघळलेलं आहे. ज्याला आपण सोमल म्हणतो, ते याच आर्सेनिकचं एक रूप. या पाण्यात एकही मासा जगत नाही.

पण तळच्या चिखलात जीव आहे. त्या चिखलातल्या एका जिवाणूवरून जगभरच्या शास्त्रज्ञांमध्ये जो वाद पेटला, तो पंधरा वर्षं धुमसत राहिला.

२९ नोव्हेंबर २०१०. नासाने एक निमंत्रण काढलं : परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करेल असं काहीतरी हाती लागलंय, पत्रकार परिषदेला या. झालं! परग्रहवासी सापडले, इथपर्यंत अफवा पोचल्या. २ डिसेंबरला प्रत्यक्षात समोर आला तो मोनो सरोवरातला जिवाणू. नाव जीएफएजे-१. फेलिसा वुल्फ-सायमन आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांचा दावा असा होता, की हा जिवाणू आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरू शकतो.

हा दावा किती मोठा होता, ते आधी समजून घेऊ.

[दृश्य : डीएनएच्या साखळीचं चित्र. एकेक दुवा उजळत जातो.]

डीएनए ही साखळी आहे. तिच्या प्रत्येक दुव्याला जोडून धरणारी कडी म्हणजे फॉस्फेट, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा गट. गवताच्या पात्यात तीच कडी, देवमाशात तीच, तुमच्या-माझ्यात तीच. आतापर्यंत तपासलेल्या एकाही जीवात दुसरी कडी मिळालेली नाही. आवर्त सारणीत फॉस्फरसच्या बरोब्बर खालच्या घरात आर्सेनिक बसतं. दोघांचा रासायनिक स्वभाव खूपसा सारखा. आर्सेनिक विषारी ठरतं ते याच सारखेपणामुळे. पेशी त्याला फॉस्फरस समजून आत घेते आणि फसते. आता समजा, एखाद्या जिवाणूने या तोतयालाच घरात घेऊन कामाला लावलं असेल, तर जीवनाची पाककृती एकच आहे हा आपला समजच मोडीत निघतो.

प्रयोग दिसायला सरळ होता. चिखलातले जिवाणू अशा द्रावणात वाढवायचे, ज्यात फॉस्फेट घातलेलंच नाही आणि आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं फॉस्फेटसारखं रूप, मात्र भरपूर आहे. वाढले तर थोडा नमुना पुढच्या नळीत, तिथून पुढच्या. जीएफएजे-१ वाढला. फॉस्फेट मिळाल्यावर वाढायचा तितक्या झपाट्याने नाही, पण वाढला. मग त्याचा डीएनए जेलमध्ये, म्हणजे रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या घट्टसर लगद्यात, वेगळा केला, जेलचा तो तुकडा कापला, आणि त्यात आर्सेनिक आहे का ते मोजलं. उत्तर आलं : आहे.

आणि इथेच शंकेची पाल चुकचुकली.

रोझी रेडफिल्ड, व्हँकुव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. पत्रकार परिषदेनंतर दोनच दिवसांत त्यांनी या शोधनिबंधाची जाहीर चिरफाड केली. त्यांचा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात विचारला जातो तोच होता : डीएनए नीट धुतला होता का?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण सगळा वाद या एका धुण्याभोवती फिरतो. आर्सेनेटने गच्च भरलेल्या द्रावणातून पेशी काढल्या, फोडल्या, त्यातला डीएनए जेलमध्ये घातला. डीएनएच्या आजूबाजूला आर्सेनिक चिकटलेलं असणारच. डीएनएमध्ये असलेलं आर्सेनिक आणि डीएनएला नुसतं लागलेलं आर्सेनिक, यांतला फरक फक्त धुतल्यावर कळतो. गुंफलेलं असेल तर राहील, लागलेलं असेल तर जाईल. शुद्धीकरणाची ही नेहमीची पायरी निबंधात दिसत नव्हती.

दुसरी शंका द्रावणाची. फॉस्फेट घातलं नव्हतं हे खरं, पण इतर क्षारांमधून अशुद्धी म्हणून थोडं आलंच होतं, लिटरमागे साधारण तीन मायक्रोमोल. एवढ्याशाने काय होतं, असं मूळ गटाचं म्हणणं. टीकाकार म्हणाले, खुल्या समुद्रात कितीतरी जिवाणू याहून फार कमी फॉस्फेटवर गुजराण करतात. जीएफएजे-१ उपाशी होता हे आधी सिद्ध करा.

तिसरी शंका मला सगळ्यांत देखणी वाटते, कारण ती नुसत्या रसायनशास्त्राच्या जोरावर उभी आहे. आर्सेनेटची कडी पाण्यात टिकत नाही, सेकंदाच्या काही अंशात तुटते. फॉस्फेटची कडी कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते. म्हणजे आर्सेनिकचा डीएनए खरंच असता, तर पाण्याशी गाठ पडताक्षणी त्याचा भुगा झाला असता. जेलवर तर लांबच लांब, धडधाकट डीएनए दिसत होता!

[दृश्य : प्रयोगशाळेचं टेबल. सेंट्रिफ्यूज फिरतोय.]

जून २०११ मध्ये सायन्स या नियतकालिकाने मूळ निबंध छापील अंकात घेतला, तेव्हा सोबत आठ टिपणं छापली, आठही आक्षेप घेणारी. मूळ गट आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला आणि त्याने हा जिवाणू इतर प्रयोगशाळांनाही देऊ केला. रेडफिल्डनी तो मागवला आणि वाढवला. काय जमलं, काय फसलं, हे त्या जाहीरपणे लिहीत गेल्या. डीएनए शुद्ध करून प्रिन्स्टन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांकडे पाठवला. तिथे तो जड क्षाराच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवून वेगळा केला, धुतला आणि मोजला. साखळीत गुंफलेलं आर्सेनिक सापडलं नाही. सुरुवातीला जे थोडं दिसलं होतं, ते धुण्यात निघून गेलं.

त्याच वेळी झ्युरिकच्या दुसऱ्या एका गटाने दाखवलं, की जीएफएजे-१ ला फॉस्फेट लागतंच, फक्त अगदी थोडं पुरतं. दोन्ही निबंध जुलै २०१२ मध्ये सायन्समध्येच आले.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथे संपवतात. मला ते पटत नाही, कारण खरी चकित करणारी बाब यानंतर सापडली.

त्याच वर्षी इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या डॅन तौफिक यांच्या गटाने विचारलं : आर्सेनिकच्या समुद्रात बसलेला हा जिवाणू फॉस्फेटचा एखाददुसरा कण वेचून काढतो तरी कसा? फॉस्फेट पकडणारं प्रथिन त्यांनी बारकाईने तपासलं. फॉस्फेट ज्या खोबणीत बसतं, तिथे हायड्रोजनचा एक बंध आहे. फॉस्फेट बसलं की त्या बंधाचा कोन अचूक जुळतो. आर्सेनेट आकाराने जेमतेम ४ टक्के मोठं. ते बसलं की कोन बिघडतो आणि पकड सुटते. जीएफएजे-१ च्या अशा एका प्रथिनाची फॉस्फेटची निवड आर्सेनेटच्या मानाने सुमारे ४,५०० पट आढळली. ज्या जिवाणूबद्दल सांगितलं गेलं की याला फॉस्फरसऐवजी आर्सेनिकही चालतं, तो निघाला कमालीचा चोखंदळ. हे कळलं, कारण कोणीतरी दाव्यावर शंका घेतली आणि शंका घेऊन गप्प बसलं नाही.

[दृश्य : अंधारा समुद्रतळ. पाणबुडीच्या दिव्यात गाळ.]

आता दुसरा वाद. शंका तीच, शेवट मात्र निराळा.

ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या दरम्यान, आर्क्टिकच्या समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे आहेत. त्यांना लोकीचा किल्ला म्हणतात. लोकी म्हणजे नॉर्डिक पुराणांतला कपटी देव. त्या परिसरातल्या गाळातून २०१५ साली स्वीडनच्या थिज एट्टेमा यांच्या गटाने एका आर्कियाचे जनुक जुळवले. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळाचे सूक्ष्मजीव. हे कुळ वेगळं आहे हे कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये सांगितलं, तेव्हाही कितीतरी जणांनी नकारार्थी मान हलवली होती. लोकीच्या या आर्कियात असे जनुक निघाले, जे तोपर्यंत फक्त केंद्रक असलेल्या पेशींची मालमत्ता समजले जात : पेशीला आकार देणाऱ्या सांगाड्याचे, पडद्याला वळवणाऱ्या प्रथिनांचे. थोडक्यात, झाडं, बुरशी, प्राणी, आपण सगळे ज्या पूर्वजापासून आलो, त्याचे हे जवळचे नातलग असावेत.

पण तो जीव कोणी पाहिलाच नव्हता! गाळातल्या असंख्य जीवांच्या डीएनएचे तुकडे संगणकाने जुळवले आणि त्यातून हा जीव कागदावर उभा राहिला. २०१७ मध्ये पॅट्रिक फॉर्तेर आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला : हे जनुक दुसऱ्याच कुणाचे मिसळले नसतील कशावरून? आणि वंशवृक्षाची मांडणी तरी बरोबर आहे का? पुन्हा तोच प्रश्न, तुमचा नमुना स्वच्छ होता का?

याला वादविवादाने उत्तर मिळणार नव्हतं. जीव वाढवून दाखवणं हाच उपाय होता. आणि आक्षेप येण्याच्या कितीतरी आधीपासून जपानमध्ये काही माणसं नेमकं तेच करत बसली होती.

२००६ मध्ये हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी जपानजवळच्या नानकाई घळीतून, २,५३३ मीटर खोलीवरून गाळ आणला. समुद्रतळावर मिथेन झिरपतो, म्हणून त्यांनी मिथेन पुरवणारं एक यंत्र बांधलं आणि त्यात स्पंजचे तुकडे टांगले, भांडी घासायला वापरतो तसल्या पॉलियुरेथेनचे. सावकाश वाढणाऱ्या जीवाला चिकटून राहायला जागा हवी. दोन हजारांहून जास्त दिवस ते यंत्र चाललं. मग त्यातलं थोडं काचेच्या नळ्यांत घेतलं आणि वाट पाहिली.

प्रयोगशाळेतला ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. या आर्कियाला दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. त्याआधी एक-दोन महिने काहीच होत नाही. डोळ्यांनी गढूळपणाही दिसत नाही. नळीत काही आहे की नाही, हे कळायला डीएनए मोजावा लागतो. असा जीव हाताळणाऱ्या माणसाच्या कामाची कल्पना करा. एक प्रयोग चुकला, की पुढची संधी काही महिन्यांनी.

चिखल आणल्यापासून निबंध छापून येईपर्यंत चौदा वर्षं गेली. जानेवारी २०२० मध्ये नेचर या नियतकालिकात छायाचित्रं आली. अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासची गोल पेशी, आणि तिला फुटलेले लांबलचक, फांद्या असलेले हातपाय. शेजारी मिथेन बनवणारा दुसरा आर्किया, ज्याच्या सोबतीशिवाय हिचं पान हलत नाही. वादातले ते जनुक याच पेशीत होते, कुणाकडून मिसळलेले नव्हते. पुढे व्हिएन्नाच्या क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने अशाच एका नातलगाला वाढवलं, आणि २०२२ च्या अखेरीस त्याच्या पेशीतला प्रथिनांचा सांगाडा प्रत्यक्ष दाखवला.

आपल्या त्या पूर्वज पेशीच्या पोटात एक जिवाणू शिरला आणि त्याचंच पुढे पेशीला ऊर्जा देणारं मायटोकॉन्ड्रिया झालं; तो कसा शिरला, आधी काय घडलं आणि नंतर काय, यावर आजही खडाजंगी चालते. चालू दे.

[दृश्य : खारफुटीच्या बुडालेल्या पानावर पांढरे तंतू. चिमटा आत येतो.]

एका जिवाणूबद्दल अगदी थोडक्यात, कारण त्याला टाळून पुढे जाणं जमत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर ऑलिव्हिए ग्रो यांना २००९ मध्ये खारफुटीच्या कुजत्या पानांवर पांढरे धागे दिसले. त्यांना वाटलं, बुरशी असेल. एवढं मोठं आणखी काय असणार? ती एकेक जिवाणूची एकेक पेशी होती, सरासरी जवळपास एक सेंटीमीटर लांब. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. चिमट्याने उचलता येतो असा जिवाणू! तिचा डीएनए पेशीत मोकळा नसतो, पडद्याच्या छोट्या पिशव्यांमध्ये असतो. जिवाणूची पेशी म्हणजे सुटी पिशवी, ही शाळेत शिकलेली व्याख्या इथे डळमळते. हे सगळं तपासून, पारखून छापायला २०२२ साल उजाडलं. तेरा वर्षं लागली, आणि मला ती योग्यच वाटतात.

[दृश्य : पुन्हा मोनो सरोवर. संध्याकाळ.]

आता परत जीएफएजे-१ कडे, कारण तो वाद २०१२ मध्ये संपला नव्हता. २४ जुलै २०२५ रोजी सायन्सने तो निबंध मागे घेतला. संपादकांनी स्पष्ट लिहिलं, की लबाडीचा संशय नाही. पण केलेल्या प्रयोगांतून काढलेला निष्कर्ष निघत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. लेखकांनी निषेध केला. त्यांचं म्हणणं, अर्थ लावण्यातले मतभेद निबंधांमधून लढवायचे असतात, त्यासाठी निबंधावर मागे घेतल्याचा शिक्का मारायचा नसतो.

या प्रश्नावर माझं मत लेखकांच्या बाजूने झुकतं. त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्या निबंधासोबत आठ आक्षेप छापलेले होते, पाठोपाठ दोन खंडनंही. उघडणाऱ्याला सगळा वाद पानोपान दिसत होता. प्रामाणिक चूक आणि बनवाबनवी यांच्यावर एकच शिक्का बसला, तर उद्या चिखलातून काहीतरी अचाट हाती आलेली तरुण संशोधक तोंड उघडायला दहादा विचार करेल. आणि ज्या दावेदारांनी आपला जिवाणू इतर प्रयोगशाळांसाठी मोकळा केला, त्यांची नोंद त्या शिक्क्याखाली झाकली जाते. रेडफिल्डच्या टेबलावर तो जिवाणू पोचला, म्हणून डीएनए धुऊन बघता आला.