घाटात उलटी फिरणारी गाडी

श्रोतेहो, नमस्कार. रेल्वे स्थानकांच्या वास्तूंचा विषय निघाला की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे नाव आधी येते, आणि ते योग्यच आहे; परंतु महाराष्ट्रातील लहान स्थानकेही तितक्याच आस्थेने पाहावीत अशी आहेत. काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू उतरते छप्पर आणि फलाटावर पुढे आलेली लाकडी झालरीची पडवी, ही सारी रचना आपल्या पावसाला दिलेले उत्तर आहे. हा दगड रंगाने झाकणे मला मुळीच मान्य नाही. तो स्वच्छ धुऊन उघडा ठेवावा.

आता मला प्रिय असलेली हकिकत सांगतो. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती आणि घाटाच्या पायथ्यापर्यंतही मुंबईहून रूळ आले होते, पण मधला बोरघाट मोकळाच होता. त्यामुळे प्रवाशांना गाडीतून उतरून पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढावा लागे आणि वर पुन्हा गाडी धरावी लागे. ही चढउतार पाच वर्षे चालली.

मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे अडचण अशी होती, की खंडाळ्याजवळ गाडी वळवण्याइतकी जागाच कड्यावर नव्हती. म्हणून डोंगराच्या एका सोंडेवर रूळ नेऊन तेथेच संपवले आणि स्थानक केले. गाडी तेथे थांबे, पुढचे इंजिन सोडवून मागच्या टोकाला जोडले जाई, आणि गाडी उलट दिशेने उरलेला घाट चढे. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हे निसटते: शेवटचा डबा पहिला होई, आणि पुढे तोंड करून बसलेला प्रवासी पाठमोरा वर जाई.

या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर थोड्याच काळात वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट स्वतःकडे घेतले आणि नेमलेल्या अभियंत्यांकरवी पूर्ण करवले. एके काळी घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, पटकीने त्यांतील कित्येकांचा बळी घेतला. त्यांचे ठसठशीत स्मारक या घाटात असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. पंचवीस बोगदे खोदून १४ मे १८६३ रोजी हा मार्ग खुला झाला. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवी आखणी झाली आणि गाडी उलटी फिरवण्याची गरज सरली.

श्रोतेहो, स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुढच्या वेळी पुण्याकडे जाताना कर्जतचा आकडा लक्षात ठेवा आणि वर पोहोचल्यावर खंडाळ्याच्या आकड्यातून तो वजा करा.