शुगरची गोळी आणि सफरचंदाच्या झाडाची साल

नमस्कार मंडळी. घरात कुणाला शुगर असेल तर गोळ्यांचा डबा उघडून बघा, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव सापडायची बरीच शक्यता आहे. कंपनीचं नाव वर मोठ्या अक्षरात असतं, हे खाली बारीक छापलेलं असतं, त्यामुळे चष्मा लावूनच बघा. या गोळीचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. फळात नाही हं, खोडाच्या आणि मुळांच्या सालीत.

1835 साली बेल्जियममधे द कोनिंक आणि स्तास या दोघांनी त्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा काढला, त्याचं नाव फ्लोरिझिन. हा फ्लेवोनॉइडांच्या कुळातला, म्हणजे फळाफुलांत, चहात, कांद्यात जी शेकडो रसायनं असतात त्यांचाच भाऊबंद. तेव्हा सिंकोनाच्या कडू सालीतून हिवतापावर क्विनीन मिळालेलं होतं, मग हेही कडू, हेही सालीतलं, तर तापावर देऊन बघू, असा सरळ हिशोब लोकांनी केला. तापाचं काही विशेष झालं नाही. पण 1886 मधे फॉन मेरिंग नावाच्या जर्मन डॉक्टरला दिसलं की फ्लोरिझिन दिलं की लघवीतून साखर जायला लागते.

आता गंमत बघा, लघवीला मुंग्या लागणं ही मधुमेहाची आपल्याकडे फार जुनी खूण, त्यामुळे लघवीत साखर दिसली की आजार, हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. फ्लोरिझिन म्हणजे आजार निर्माण करणारं द्रव्य असाच समज झाला आणि पुढची शंभर वर्षं ते बहुतेक प्रयोगशाळेतच राहिलं, किडनी कशी चालते ते समजून घ्यायला. ते औषध होऊ शकतं असं म्हणायला 1987 उजाडलं. रोसेटी आणि डिफ्राँझो या संशोधकांच्या टीमने उंदरांचं स्वादुपिंड जवळपास सगळं काढून टाकलं, त्यांना मधुमेह झाला, मग फ्लोरिझिन दिलं तर रक्तातली साखर तर खाली आलीच, पण शरीर इन्सुलिनलाही परत नीट दाद द्यायला लागलं.

हे होतं कसं ते सांगतो. किडनी रोज साधारण 180 लिटर पाणी गाळते, त्याच्यासोबत 160 ते 180 ग्रॅम ग्लुकोजही गाळून खाली येतं, आणि निरोगी माणसात ते जवळपास सगळंच्या सगळं परत रक्तात उचललं जातं. हे उचलायचं नव्वद टक्के काम एसजीएलटी2 नावाचं प्रोटीन करतं, हमालासारखं, खाली पडलेलं ग्लुकोजचं पोतं उचलायचं आणि परत गोदामात टाकायचं. फ्लोरिझिनच्या रेणूत एका टोकाला ग्लुकोजच जोडलेलं असतं, त्यामुळे हा हमाल फसतो, त्याला धरतो आणि तिथेच अडकून बसतो.

मग तुम्ही म्हणाल, सालीचा काढाच प्यावा की. इथेच खरी गोष्ट आहे आणि व्हॉट्सॅपवर तीच कुणी सांगत नाही. फ्लोरिझिनमधे ते ग्लुकोज बाकीच्या रेणूला एका ऑक्सिजनमधून जोडलेलं असतं. आपल्या आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम असतं, दुधातली साखर पचवणारं, आणि तेच एन्झाइम हा जोडही कचकन तोडतं. म्हणजे तोंडाने घेतलं की बहुतेक माल आतड्यातच फुटतो. त्यातून जो तुकडा उरतो तो पेशींमधे ग्लुकोज नेणाऱ्या दुसऱ्याच प्रोटीनांना अडवत बसतो, तेही नको असतं. शिवाय एसजीएलटी2 चा भाऊ एसजीएलटी1 आतड्यात असतो, फ्लोरिझिन त्यालाही धरतं, मग साखर आतड्यातच राहते आणि जुलाब.

म्हणून केमिस्ट लोक कामाला लागले, आणि मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. जपानच्या तानाबे कंपनीने 1990 च्या दशकात टी-1095 नावाचं रूप बनवलं, ग्लुकोजवर अणूंचा एक छोटा गट चढवला म्हणजे आतड्यात जोड तुटणार नाही, आत गेल्यावर तो गट निघून जाईल. कल्पना झकास, पण मधला ऑक्सिजन तसाच होता, आणि ते औषध बाजारापर्यंत काही पोचलं नाही. मग तो ऑक्सिजनच काढून टाकला! ग्लुकोज सरळ रेणूतल्या बेंझीनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, कड्याला कार्बनने कार्बनला जोडलं. हा जोड आतड्यातल्या एन्झाइमला तोडता येत नाही. पुढे रेणूतल्या अशा दोन कड्यांमधली साखळी आखूड केली, एका जागी क्लोरीन बसवलं, दुसऱ्या टोकाला इथॉक्सी गट, आणि तयार झालं डापाग्लिफ्लोझिन. ते एसजीएलटी1 ला जवळजवळ सोडून देतं, एसजीएलटी2 वर त्याचा जोर हजारपटीहून जास्त, आणि शरीरात इतका वेळ टिकतं की दिवसाला 10 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. कागदावर त्याचं चित्र बघितलं तर ते आता धड फ्लेवोनॉइडही राहिलेलं नाही. त्यामुळे ‘सफरचंदाच्या झाडाचा नैसर्गिक अर्क, शुगरवर रामबाण’ असं लिहिलेली पुडी कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

युरोपात डापाग्लिफ्लोझिनला 2012 च्या नोव्हेंबरमधे परवानगी मिळाली. शुगर असणाऱ्या माणसात या गोळीने दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लघवीतून जातं, म्हणजे 280 कॅलरी, त्यामुळे वजनही थोडं उतरतं. पण खरा धक्का 2015 मधे बसला, याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या ट्रायलमधे, सात हजारांवर पेशंट, सगळ्यांना मधुमेह आणि सोबत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, आणि त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी निघाले. आता हार्ट फेल्युअरला शुगर नसली तरी ही औषधं देतात. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मधे संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 च्या मार्चमधे, साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहाच्या आसपास आली. सायन्सइतकंच हेही महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी दोनतीन गोष्टी. लघवीच्या रिपोर्टमधे साखर प्लस प्लस प्लस येणारच, घाबरू नका, औषध काम करतंय. पण तीच साखर बुरशीला आवडते, त्यामुळे लघवीच्या जागी खाज, इन्फेक्शन होऊ शकतं, तेव्हा लाजू नका, डॉक्टरला सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण तीन दिवस आधी गोळी थांबवतात, डॉक्टरला विचारूनच. आणि नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणारे, किंवा उलट्या-जुलाबाने जेवण बंद झालेले, यांनी गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा, कारण अशा वेळी शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढू शकतात आणि ग्लुकोमीटर मात्र 180 सारखा साधा आकडा दाखवत राहतो. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर त्या आकड्यावर विसंबून घरी बसू नका, दवाखान्यात गेल्यागेल्या गोळीचं नाव सांगा आणि कीटोन तपासा म्हणून म्हणा.