आधी नॅपकिन की आधी बाथ टॉवेल?

(सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचे माग चालू. सुरुवातीला नुसता आवाज.)

या शेडमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, मराठीत बोला नाहीतर तेलुगूत. वर जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, पुठ्ठे सरकताहेत. भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. नक्षी एकदा पुठ्ठ्यावर उतरली की मागाला काही ठरवायचं उरत नाही. ठरवायचं असतं ते माणसाला: आज आधी कुठला माल लावायचा?

(शिलाईचं टेबल. नॅपकिनांचा ढीग.)

नॅपकिन विणून लवकर होतात, पण नग जास्त, म्हणून शिलाईला वेळ खातात. बाथ टॉवेलचं नेमकं उलटं.

(वर्ग. फळा.)

सोलापुरातल्याच एका कॉलेजात ऑपरेशन्स रिसर्चचा, म्हणजे कामाचं नियोजन गणितानं करण्याच्या शास्त्राचा, तास चालू आहे. सोपं करायला सरांनी एकच माग आणि एकच शिलाई मशीन धरलंय. आकडे विणाई आणि शिलाईच्या तासांचे. नॅपकिन ३ आणि ६. हँड टॉवेल ४ आणि ५. साधा टॉवेल ५ आणि ३. बाथ टॉवेल ७ आणि २. मोठा माल आधी उरकू म्हणून बाथ टॉवेलपासून उलट्या क्रमाने निघालं, तर सगळं संपायला २७ तास लागतात. आता सगळ्यांत लहान आकडा शोधा. तो शिलाईचा असेल तर तो माल शेवटी, विणाईचा असेल तर आधी. तो माल बाजूला काढा आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करा. नॅपकिन, हँड, साधा, बाथ: २१ तास. यापेक्षा कमी होणारच नाही, कारण विणाईच एकोणीस तासांची आहे आणि शेवटच्या मालाला शिलाईचे किमान दोन तास लागणारच.

हा नियम एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये मांडला. तिसरं मशीन आलं की तो सरसकट चालत नाही. या शास्त्राला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये. पुढे १९४७ मध्ये, हाताशी आहे त्यात सगळ्यांत चांगलं नियोजन शोधणारी डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये तसल्याच मोठ्या गणितांसाठी वेगळी वाट काढली. हे नाव आपल्या पोरांना परीक्षेपुरतंच भेटतं. खरं तर या तासाची निम्मी वेळ शेडमध्येच भरायला हवी.

वाचलेले सहा तास नगावर मजुरी घेणाऱ्याच्या हातात किती पडतात, ते फळ्यावर येत नाही.

(डाईंग. हौदातून वर येणारी लाल सुताची लड. वाफ.)

इथलं गणित जास्त अवघड. पिवळ्यानंतर काळा घ्यायचा तर हौद विसळला तरी भागतं. काळ्यानंतर पिवळा म्हणजे घासून धुणं आलं. म्हणून मास्तर फिकटाकडून गडदाकडे जातात. दहा रंग असले तर क्रम होतात ३६,२८,८००. मास्तर त्यातला एक सकाळी चहा संपायच्या आत निवडतात, आणि तो बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण मध्येच घाईची ऑर्डर घुसली, की कुठे बसवायची?

(वहीचा क्लोजअप.)

त्या वर्गातली एक विद्यार्थिनी त्यासाठी तक्ता भरते आहे: कुठल्या रंगानंतर कुठला, आणि मध्ये धुवायला किती मिनिटं. दहा रंगांचे नव्वद रकाने. काळ्यानंतर फिकट पिवळ्याचा रकाना रिकामाच आहे. मास्तर तसं कधी लावतच नाहीत, मग मोजणार काय?